माझे पाणी, शेजाऱ्याचे पाणी

रात्रीची पाळी ज्याने एकदा तरी धरली आहे, त्याला पुढचे चित्र रंगवून सांगायला नको. हातात कंदील नाहीतर बॅटरी, खांद्यावर फावडे, पायाखाली गार माती. वरून पाणी येणार म्हणून कान तिकडे लागलेले. आणि मग सरीत तो खुळखुळ आवाज येतो. दिवसभराचा शीण कुठच्या कुठे पळतो.

आता दुसरे चित्र पाहा. तुमचा वाफा भरला, पाळी संपली. तुम्ही दारे मोडले आणि पाणी खालच्या शेजाऱ्याकडे गेले. त्याच्या सरीतही तोच खुळखुळ आवाज आला. तेव्हा तुमच्या मनात काय झाले? थोडे बरे वाटले? काहीच वाटले नाही? की 'अजून घटकाभर आपल्याकडे राहिले असते तर!' असे वाटले? खरे उत्तर ज्याचे त्याने आपल्याशी द्यावे. मी काही विचारायला येणार नाही.

पण या प्रश्नाचा विचार दोन प्रकारच्या माणसांनी फार बारकाईने केला आहे. एक, आपल्याच नाशिक जिल्ह्यातले जुने शेतकरी. दुसरे, मेंदूचा अभ्यास करणारे आजचे शास्त्रज्ञ. या दोघांची एकमेकांशी ओळख नाही. एकाचा जन्म पाटावरचा, दुसऱ्याचा प्रयोगशाळेतला. आज या दोघांना मी शेजारी शेजारी बसवणार आहे.

आधी आपल्या माणसांची गोष्ट.

जिल्ह्याच्या उत्तरेला बागलाण, कळवण आणि मालेगाव हे तालुके. त्यांना लागून धुळ्याकडचा मुलूख. मोसम, आरम, गिरणा, पांझरा या इकडच्या नद्या. त्यांचे पाणी शेवटी तापीला जाते. या नद्यांवर जागोजागी दगडी बंधारे बांधलेले आढळतात. पाणी वर्षभर साठवून ठेवावे असे ते धरण नव्हे. वाहते पाणी अडवायचे आणि पाटात वळवायचे, एवढेच त्याचे काम. त्या पाटाखालची जमीन तीन-चार मोठ्या हिश्श्यांत वाटलेली असते. अशा एका हिश्श्याला म्हणतात फड. कुस्तीचा फड निराळा, तमाशाचा फड निराळा; हा पाण्याचा फड. ही पद्धत तीनशे-चारशे वर्षांची मानतात.

फडाचा कायदा कागदावर नव्हता, पण होता मोठा कडक. एका फडात एका सालात एकच पीक. यंदा या फडात ऊस, तर त्या फडात भुसार, तिसऱ्यात एका हंगामाचे पीक, आणि एखादा फड विसाव्याला. पुढच्या साली पाळी बदलायची. 'माझे शेत आहे, मी त्यात वाटेल ते लावीन' ही भाषा तिथे चालत नसे. मात्र त्याच्या जोडीला दुसरी सोय होती. शक्यतो प्रत्येक शेतकऱ्याचा एकेक तुकडा प्रत्येक फडात असावा, अशी जमिनीची बसवणी होती. म्हणजे उसाचा लाभ एकाला आणि कोरडा फड दुसऱ्याला, असा पंक्तिप्रपंच होत नसे. उसाचा फड सगळ्यांचा आणि पडीक फडही सगळ्यांचा.

आणखी एक गंमत ऐका. फडात आपले पाणी आपण धरायचे नाही! त्यासाठी पाटकरी नेमलेला. शेत कुणाचे आहे हे न पाहता तो साऱ्या फडाला ओळीने पाणी देई. पिकाची राखण करायला जागल्या असे. त्यांची मजुरी शेतकऱ्यांनी जमिनीच्या मानाने, पुष्कळदा धान्याच्या रूपाने द्यायची. पाटातला गाळ काढणे, बंधाऱ्याची डागडुजी करणे, हे कामही त्याच मानाने वाटलेले. ज्या साली नदीला पाणी कमी, त्या साली सर्वांनी बसून ठरवायचे की यंदा अमुक फड भिजवायचा नाही. तूट आली तर ती सर्वांना यायची.

याच काळाशी जुळणारी एक आठवण सांगतो. पुढे भारतरत्न झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात इंजिनियर म्हणून नोकरीला लागले. त्यांची पहिली नेमणूक नाशिकला होती, आणि लवकरच खानदेशात पांझरेच्या भागातही त्यांनी काम केले. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी जमिनीचे गट पाडून, पिके ठरवून पाणी द्यायची ब्लॉक पद्धत घातली. फडाचे आणि तिचे तोंडवळे किती मिळतेजुळते आहेत, हे सुज्ञांच्या ध्यानात येईलच.

आता कुणी म्हणेल, जुनी माणसेच साधुवृत्तीची होती, म्हणून हे जमले. मला तसे वाटत नाही. साधूंच्या गावाला जागल्या कशाला लागतो? माणूस कसा आहे हे त्या लोकांना पुरते ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी नियम असे बांधले. माणूस कसा आहे, हे शास्त्राच्या तोंडून ऐकायचे तर आता आपल्याला बागलाणातून पार परदेशी जावे लागेल.

१९५४ साली कॅनडातल्या माँट्रिअल शहरी जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर हे दोघे शास्त्रज्ञ उंदरांवर प्रयोग करीत होते. उंदराच्या मेंदूत त्यांनी बारीक तार बसवली आणि तिच्यातून अगदी हलका विजेचा प्रवाह सोडला. उंदीर भिऊन पळेल की नाही? पण झाले उलटे. ज्या कोपऱ्यात असताना प्रवाह मिळाला, त्याच कोपऱ्याकडे तो पुन्हा पुन्हा येऊ लागला. मग त्यांनी त्याला एक दांडी दिली. दांडी दाबली की प्रवाह मिळायचा. उंदीर ती दांडी तासातासाला शेकडो वेळा दाबू लागला. मेंदूत काही जागा अशा आहेत की त्या चेतवल्या म्हणजे जीवाला 'हे पुन्हा हवे' असे वाटते, हे त्या दिवसापासून जगाला कळले.

पुढे १९९० नंतरच्या वर्षांत वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवरच्या प्रयोगांतून एक नाजूक गोष्ट दाखवली. मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य सोडणाऱ्या पेशी आहेत. माकडाला फळाच्या रसाचा थेंब अचानक मिळाला की त्या पेशी एकदम जाग्या होत. थेंबाच्या आधी दरवेळी खूण दिली तर काही दिवसांनी पेशी खुणेलाच जाग्या होत. थेंब मिळाला की त्याचे विशेष वाटत नसे. आणि खूण देऊन थेंब दिलाच नाही, तर थेंब यायच्या नेमक्या त्या क्षणी पेशी नेहमीपेक्षाही गप्प होत. म्हणजे मेंदू नुसता लाभ मोजत नाही. अपेक्षा आणि लाभ यांतला फरक मोजतो. पाळी लागल्याचा निरोप आला, तुम्ही फावडे घेऊन बांधावर जाऊन बसलात, आणि पाणी आलेच नाही, तर जे वाटते ते कोरड्या दिवशीच्या वाटण्याहून वाईट असते. याचे कारण हेच असले पाहिजे.

इथवर झाले ते आपल्या स्वतःच्या लाभाचे. शेजाऱ्याचे काय?

माणसाच्या डोक्याला धक्का न लावता आतले कामकाज पाहण्याचे यंत्र आता निघाले आहे. मोठ्या लोहचुंबकासारखे ते असते. मेंदूच्या ज्या भागाचे काम वाढते तिकडे रक्ताचा पुरवठा वाढतो, आणि तो फरक हे यंत्र टिपते. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठात २००७ साली एक प्रयोग झाला. एकोणीस स्त्रियांना प्रत्येकी शंभर डॉलर दिले. मग त्या पैशांतून भुकेल्यांना अन्न पुरवणाऱ्या एका संस्थेकडे रक्कम वळवायची. कधी ती सक्तीने कापून घेतली, सारा घेतात तशी. तर कधी 'देतेस का?' असे विचारले. मौज अशी की स्वतःला पैसे मिळाले की मेंदूच्या आतले जे भाग जागे होत, तेच भाग संस्थेला पैसे गेले तेव्हाही जागे झाले. सक्तीने गेले तरीसुद्धा! आपखुशीने दिले तेव्हा जास्त. म्हणजे दुसऱ्याच्या भल्याचा आनंद ही केवळ पोथीतली गोष्ट नाही. त्याचा पाट आपल्या डोक्यात खोदलेलाच आहे, आणि तो स्वतःच्या आनंदाच्याच पाटाला जाऊन मिळतो.

पण घाई करू नका. त्या पाटाला पाणी सारखे नसते.

ऑक्सफर्डला २०१६ साली पॅट्रिशिया लॉकवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना एक कोडे घातले. कुठली खूण निवडली म्हणजे बक्षीस लागते, हे चुकतमाकत शिकायचे. बक्षीस कधी स्वतःला, कधी एका अनोळखी माणसाला, कधी कुणालाच नाही. लोक स्वतःसाठी लवकर शिकले, दुसऱ्यासाठी सावकाश. मेंदूच्या पुढच्या अंगाला, मधोमध, खोल असा एक भाग आहे. दुसऱ्यासाठी शिकताना तो खास कामाला लागलेला दिसला. ज्यांना परक्याचे सुखदुःख चटकन जाणवते, त्यांच्यात त्याचे काम अधिक ठळक होते.

केंब्रिजच्या डीन मॉब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दुसरी गोष्ट दाखवली. खेळात अनोळखी माणूस जिंकताना पाहिला, आणि तो आपल्यासारखा आहे असे पाहणाऱ्याला वाटले, तर त्याचा आनंद पाहणाऱ्याच्या मेंदूतही वाढतो. जितके साम्य, तितका आनंद.

तिसरी गोष्ट जर्मनीतल्या बॉन शहरची, २००७ सालची. दोन माणसांना दोन यंत्रांत घालून सारखेच काम दिले, आणि दोघांचीही मजुरी दोघांना दाखवली. मिळणारी रक्कम तीच असली तरी जोडीदाराला जास्त मिळाले की मेंदूतला तो बक्षिसाचा भाग मंद पडे. हाती तेवढेच पैसे, पण गोडी कमी! ताटातला लाडू मोठा की लहान हे आपण शेजारच्या पानाकडे पाहून ठरवतो, असे आपल्याकडच्या आज्यांनी कधीच सांगून ठेवले आहे.

एक सावधगिरीचा शब्द सांगून पुढे जातो. यंत्रात रक्ताच्या पुरवठ्यातला फरक दिसतो. आनंद स्वतः दिसत नाही. तो आहे असा तर्क करायचा असतो. शिवाय हे प्रयोग बागलाणच्या शेतकऱ्यावर झालेले नाहीत. तेव्हा आता मी जे जोडणार आहे तो माझा तर्क समजा आणि तुमच्या अनुभवाच्या दगडावर घासून पाहा.

शास्त्राने सांगितले, दुसरा आपल्यासारखा वाटला तर त्याच्या लाभात आपल्याला गोडी येते. फडात काय होते? सगळ्यांचे एकच पीक. याच्या उसाला तहान लागली की त्याच्याही उसाला लागलेली. शेजाऱ्याचे दुखणे समजायला वेगळे डोके नको. शास्त्राने सांगितले, शेजाऱ्याला जास्त मिळाले की आपले गोड कडू होते. फडात जमीन प्रत्येक हिश्श्यात, आणि तूट आली तर सर्वांनाच. तुलनेला जागाच थोडी. शास्त्राने सांगितले, मेंदूला लाभाइतकाच अपेक्षेचा हिशोब लागतो. फडात पाळी ठरलेली, पाटकरी ठरलेला. निरोप दिला आणि पाणी आले नाही, असे सहसा होऊ नये हीच सारी खटपट. शास्त्राने सांगितले, दुसऱ्यासाठी माणूस सावकाश शिकतो, हात आधी आपल्या वाफ्याकडे वळतो. फडाने तर माणसाच्या हातातले दारेच काढून घेतले आणि पाटकऱ्याच्या हाती दिले! मोहाची वेळच येऊ दिली नाही.

म्हणजे पाहा, 'शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम कर' असे फडाने कुणाला सांगितले नाही. माझे भले आणि शेजाऱ्याचे भले एकाच पाटातून वाहील, एवढी व्यवस्था केली. प्रेम मागून आले तर उत्तमच.

मग हे फड मोडत का गेले? वरच्या अंगाला धरणे झाली आणि नद्यांचे वाहणे बदलले. विहिरींवर इंजिने आणि विजेचे पंप बसले. ज्याच्या त्याच्या विहिरीत ज्याचे त्याचे पाणी आले, तेव्हा एक फड एक पीक हा नियम जाचक वाटू लागला. ते चूक होते असेही मी म्हणणार नाही. ज्याला नगदी पीक घ्यायचे त्याला मोकळीक हवीच. पण पाट एकच राहिला आणि नियम गेला, की वरचा शेतकरी पोटभर पिणार आणि खालचा आकाशाकडे पाहणार, हेही ओघाने आलेच. त्याला आपल्याकडे आता शब्दच पडला आहे, 'टेलचा शेतकरी'.

या टेलच्या शेतकऱ्याची एक गोष्ट आपल्याच जिल्ह्यात घडली आहे. दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याच्या शेवटाला निफाड तालुक्यातले ओझर गाव. धरण झाले, कालवा झाला, पण पाणी शेवटपर्यंत नीट पोचेना. तेव्हा समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र आणले. १९९०-९१ च्या सुमारास महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा अशा तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. खात्याकडून पाणी मोजून घ्यायचे आणि आपसांत आपणच वाटायचे. ओढ्यावरच्या लहान बंधाऱ्यांत पाणी सोडून विहिरीही जिवंत केल्या. पुढे साऱ्या वाघाड प्रकल्पावर अशा संस्था झाल्या, आणि तिथे नियम ठरला की पाणी आधी शेवटच्या शेताला, मग वरच्याला. कुणी कुठले पीक घ्यावे याची मोकळीक ठेवली, पण पाण्याचा हिस्सा जमिनीच्या मानाने बांधून दिला. २००५ साली शेतकऱ्यांकडून सिंचनाचे व्यवस्थापन व्हावे असा राज्याचा कायदाही झाला.

शेवटच्याला आधी, या नियमातले मर्म पाहा. वरच्या शेतकऱ्याला आपले पाणी मिळायचे तर पाणी शेवटापर्यंत लवकर पोचले पाहिजे. मग पाटातले गवत काढायला, फुटलेली चारी बांधायला तोही आपणहून धावतो. परक्याच्या लाभाची वाट आता आपल्या लाभाच्या दारावरून जाते. फड गेला, पण त्याचे शहाणपण नव्या कपड्यांत परत आले.

श्रोते हो, पण एक कठीण प्रश्न यापुढेच आहे. ओझरचा शेतकरी वाघाड कालव्याच्या टेलला, तसा सारा नाशिक जिल्हा गोदावरीच्या हेडला आहे. खाली पैठणला जायकवाडी, आणि तिथून पुढे मराठवाडा. तुटीच्या साली वरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचे ठरले की इकडे मोर्चे निघतात आणि तिकडेही निघतात. दोन्हीकडे माणसे आपल्यासारखीच, दोन्हीकडे पिके करपलेली. हिश्श्याचा वाद कायद्याने आणि मोजमापाने सुटायचा, त्यात मी पडत नाही. पण पैठणचा शेतकरी आपल्याला दिसत नाही, त्याच्या सरीतला खुळखुळ आवाज आपल्या कानावर येत नाही. जो दिसत नाही तो आपल्यासारखा वाटत नाही. आणि जो आपल्यासारखा वाटत नाही, त्याच्या सुखाचा पाट आपल्या डोक्यात कोरडाच राहतो. हे ध्यानात ठेवून बोललो तर निदान बोलणे तरी मऊ होईल.

शेवटी गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. तुमच्या शाळेजवळ जुना बंधारा असेल तर मुलांना एकदा तिथे न्या. म्हाताऱ्या माणसांकडून पाटकऱ्याचे नाव, पाळीची रीत, कुठल्या साली कुठला फड कोरडा ठेवला ते विचारून मुलांना वहीत लिहायला सांगा. हा इतिहास दप्तरात थोडा आणि माणसांच्या तोंडी पुष्कळ आहे; ती माणसे गेली की तो जाईल. आणि वर्गात एक खेळ करून पाहा. शाळेच्या बागेतल्या वाफ्यांचे चार गट करा. पाणी घालायची पाळी अशी लावा की प्रत्येक गटाने दुसऱ्याच्या वाफ्याला पाणी घालायचे. पहिल्या आठवड्यात कुरकुर होईल, झाडे सुकतीलही. तेव्हा रागावू नका. नियम काय करावा ते मुलांनाच ठरवू द्या. मला वाटते, फिरत फिरत ती पोरे फडाच्या जवळपास येऊन थांबतील.

आणि तुम्ही, शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, पुढच्या पाळीला दारे मोडून पाणी खाली सोडाल तेव्हा लगेच घराकडे वळू नका. क्षणभर बांधावर थांबा, आणि शेजाऱ्याच्या सरीत पाणी शिरताना ऐका. काय वाटते ते पाहा.